रामटेक, एक तलाव आणि नायलॉनची दोरी

दादाच्या पाठीचा पट्टा निघाल्याशिवाय या सहलीवर काही लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तो जुलैत निघाला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दादा, वहिनी आणि माझा दहा वर्षांचा भाचा पुण्याहून नागपूरला आमच्याकडे आले होते. मी, नवरा आणि नववीत जाणारी आमची लेक असे आम्ही तिघं. दोन दिवस रामटेक आणि तिथून पुढे एका मोठ्या जलाशयावर मुक्काम असा बेत होता. जलाशयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. तिथे नाव चालवणाऱ्या पोरांची पोटं त्यावर आहेत, आणि वारा काय, आपल्याकडच्या कुठल्याही धरणावर तसाच येतो.

पहिला दिवस : मनसर, रामटेक

पहाटे साडेपाचला निघालो. नागपुरात पाहुणे आले की पहिला घास तर्री पोह्यांचा, हे आमच्या घरी ठरलेलं. टेकडीवजा पोहे, वरून चण्याची लालभडक तर्री, कच्चा कांदा. भाच्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्याने दुसऱ्यांदा तर्री मागून घेतली.

जबलपूर रस्त्याने मनसर फाटा तासाभरात येतो. रामटेकला जाणारे बहुतेक लोक इथून नुसते वळतात, पण थोडं थांबा. मनसरला उत्खननात निघालेलं विटांचं बांधकाम बघण्यासारखं आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं अनेक अभ्यासक मानतात. साडेसात वाजताच विटा तापायला लागल्या होत्या. मे-एप्रिलमध्ये जाणार असाल तर इथे आठच्या आत पोचा, डोक्याला दुपट्टा बांधा, पाण्याच्या बाटल्या गाडीत ठेवू नका, हातात घ्या.

रामटेकच्या गडावर गाडी बरीच वरपर्यंत जाते. आम्ही तरी मुलांना घेऊन पायऱ्यांनी चढलो. वानरं प्रसादावर टपून बसलेली असतात, पिशवी छातीशी धरा. वर वराहाची मोठी मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून जो सरपटत पार होतो त्याच्या खात्यावर पाप नाही, असं म्हणतात. लेक आणि भाचा दोघंही गेले. दादाने वाकून बघितलं आणि ‘आपण नको’ म्हणून बाजूला झाला.

गडाच्या भिंतीवरून खाली अंबाळा तलाव दिसतो आणि लांबवर सपाट मुलूख. कालिदासाच्या यक्षाने मेघ पाहिला तो रामगिरी हाच, अशी इथल्या माणसांची श्रद्धा आहे. दादा शाळेत संस्कृत शिकलेला. तो बराच वेळ आकाशाकडे बघत उभा होता. आकाश पांढरंफटक होतं. दुपारी तीनच्या सुमारास मात्र पश्चिमेला ढगांचे कोंब उगवले, साडेचारला गरजलं, धुळीचा एक लोट उठला आणि पाच मिनिटांत सगळं शांत झालं. पाटोडी-रस्सा खाऊन, रामटेकचं कपुरी पान तोंडात टाकून आम्ही ते खिडकीतून पाहिलं. छान वाटलं. रात्री मुक्कामाच्या ठिकाणचा राखणदार म्हणाला, “तीन दिस झाले, रोज याच टायमाले वारा सुटून राह्यला.”

हे वाक्य मी ऐकलं होतं. आज इथे लिहिताना ते मला सगळ्यात जास्त टोचतंय. वैशाखातलं वादळ पुष्कळदा असं ठरल्या वेळेला येतं. दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढग चढतात, आणि पाऊस पडण्याआधी ढगातून खाली कोसळलेली गार हवा जमिनीवर पसरत पुढे धावते. तलावावर ती पोचते तेव्हा डोक्यावर ऊनही असू शकतं. लागोपाठ दोन दिवस दुपारी गडगडलं असेल तर तिसऱ्या दिवशी नावेत बसायचं ते सकाळी दहाच्या आत, नाहीतर बसायचंच नाही.

दुसरा दिवस : तलाव

सकाळ फार सुंदर गेली. जंगलालगतच्या गावात मोहाची शेवटची फुलं अंगणात वाळत घातलेली होती, त्यांचा तो गोडसर, डोकं जड करणारा वास. तेंदूपत्त्याचा हंगाम लागलेला. एका ओसरीवर आजी, सून आणि नात पानं मोजून पुडे बांधत होत्या. भाच्याने मोजायला बसून दोनदा आकडा चुकवला, आजीने न रागावता दोन्ही वेळा पुडा सोडून परत त्याच्या हातात दिला. टेंभरं खायला मिळाली. वहिनीला ती इतकी आवडली की तिने ओच्यात बांधून घेतली.

वेगाच्या नावेची वेळ आम्हाला चारची मिळाली होती. सकाळची मागावी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पाणी उन्हाळ्याने बरंच मागे हटलेलं होतं. भेगाळलेल्या गाळावरून पाच मिनिटं चालावं लागलं. काठाला तीन-चार डोंगे ओढून ठेवलेले, पळसाच्या सावलीत एक धिवर काका आणि मावशी जाळं सांधत बसलेले. त्यांचं जेवण नुकतंच झालं असावं, ताटलीत झिंग्यांच्या चटणीचा लाल रंग शिल्लक होता. नवऱ्याने नावेत बसायला साफ नकार दिला. ९ जुलै २०१७ ला वेणा धरणात नाव उलटून नागपूरची तरुण पोरं गेली, तेव्हापासून आमच्या घरात कुणी हौसेने पाण्यात उतरत नाही. वहिनीला पाण्याचीच भीती. म्हणून नावेत मी, दादा, दोन्ही मुलं आणि चालवणारा, एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा.

लाईफ जॅकेटं मोठ्या माणसांच्या मापाचीच होती. भाच्याने घातलं ते त्याच्या मांड्यांपर्यंत आलं, खांद्यावर एवढी मोकळी जागा की तो आत मान खाली घालून लपू शकत होता. पोरगा म्हणाला, काही नाही होत, दहा मिनिटांची तर फेरी. आम्ही निघालो. तेवढ्यात मावशी जाळं टाकून उठली.

“थांब बाबू. हे असं घालतेत का? पाण्यात पडला तर जाकीट वर राहीन न तू खाली जाशीन.”

तिने जाळ्याच्या नायलॉनच्या दोरीचा एक लांब तुकडा तोडला, जॅकेटच्या मागच्या पट्ट्यात ओवून त्याच्या दोन्ही पायांमधून पुढे काढला आणि पोटाशी अशी गाठ मारली की तो कळवळला. मग लेकीचं बक्कल ओढून पाहिलं. मग माझं. दादाचं मोठं होतं आणि नीट होतं. भाचा लाजून लाल झाला होता, कारण दोरी टोचत होती आणि शेजारच्या गाडीतली मुलं बघत होती. काका बसल्या जागेवरून पश्चिमेकडे बघत पोराला म्हणाले, “लवकर ये बे. वारा येऊन राह्यला.”

जाताना पाणी काचेसारखं होतं. नाकाड वर उचलून नाव नुसती पाण्याच्या टोकावरून पळत होती. मुलं ओरडत होती, मीही ओरडले असेन. दादा सगळ्यात पुढच्या बाकावर बसला होता, तिथून दिसतं चांगलं म्हणून. तलावाच्या मधोमध पाण्याच्या वर आलेली जुन्या झाडांची काळी खोडं होती, त्यावर पाणकावळे. पोराने त्यांना वळसा घातला आणि त्याच क्षणी सगळे पाणकावळे एकदम उडाले.

पलीकडचा काठ दिसेनासा झाला होता. तिथे पिवळसर भिंत उभी होती, कोरड्या गाळाची धूळ. पोराने नाव फिरवली आणि पूर्ण वेग दिला. त्याला वादळाच्या आधी काठ गाठायचा होता. आता कळतं की तिथे वेग कमी करायला हवा होता. लाटांना तोंड थोडं तिरपं देऊन हळूहळू जायचं, गुडघे वाकवून, वजन पायांवर घेऊन, आणि शक्यतो सगळ्यांनी मागे सरकून. पण तो घाबरला होता. मी त्याला दोष देत नाही. मीसुद्धा “चल, चल” म्हणत होते.

मोठ्या पसरलेल्या पाण्यावर वाऱ्याला धावायला जागा मिळते. दोन-तीन मिनिटांत काचेचं पाणी कमरेएवढ्या लाटांचं झालं, एकीच्या पाठीवर दुसरी. पहिल्या लाटेवरून नाव उडाली आणि आपटली. पाणी मऊ असतं ही आपली समजूत आहे. तो आवाज गिट्टीवर लोखंडी पत्रा आपटल्यासारखा होता. दुसरी. तिसऱ्या लाटेला दादा बाकावरून हातभर वर गेलेला मी पाहिला आणि तो खाली बसला तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी याआधी कधी ऐकला नव्हता. पोराने मागे वळून पाहिलं. तेवढ्यात नाव लाटांना आडवी झाली आणि पुढच्या लाटेने ती उचलून उलटी टाकली.

पाण्याखाली मला आधी काहीच समजलं नाही. जॅकेट मला वर ढकलत होतं आणि वर नावेचा तळ होता. डोकं दोनदा फळीवर आपटलं. कोपऱ्यात थोडी हवा होती, डिझेल-पेट्रोलसारखा वास येणारी. एक श्वास घेतला, नावेची कड हाताला लागली, तिला धरून स्वतःला खाली खेचलं आणि बाहेर आले. डावा खांदा तिथेच निखळला असावा, तेव्हा दुखला नाही.

बाहेर पाऊस सुरू झालेला, थेंब तोंडावर खड्यांसारखे लागत होते. पोरगा ओरडून मोजत होता, “एक! दोन!” लेक त्याच्या जवळ नावेला धरून होती. दादा दहा फुटांवर उताणा तरंगत होता, डोळे उघडे. भाचा दिसत नव्हता.

किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग लाटेच्या पलीकडे नारिंगी रंग वर आला. जॅकेटमध्ये तो होता, हनुवटी पाण्याबाहेर, खोकत. दोन्ही हात त्याने पोटाशी दोरीच्या गाठीवर घट्ट धरले होते. दोरी नसती तर ते जॅकेट त्याच्या डोक्यावरून निघून गेलं असतं, यात मला आजही तिळमात्र शंका नाही. पोराने पोहत जाऊन त्याला आणलं. त्याचा स्वतःचा उजवा हात मनगटात मोडलेला होता, हे नंतर दवाखान्यात समजलं.

उलटलेली नाव बुडाली नाही. आतल्या हवेमुळे आणि फोममुळे ती तरंगत राहते, म्हणून तिला सोडायचं नाही. काठ जवळ दिसतो, पोहत जावंसं वाटतं, पण लाटांमध्ये ते अंतर माणसाला संपवतं, आणि शोधणाऱ्याला पाण्यातल्या डोक्यापेक्षा नाव आधी दिसते. आम्ही चौघांनी तिच्या कडेला धरलं. दादाला मध्ये घेतलं, लेकीने त्याच्या जॅकेटचा मागचा पट्टा दातात धरला, कारण तिला दोन्ही हात नावेसाठी हवे होते. दादा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, “पाय हलतायत. माझे पाय हलतायत.” मला त्यावेळी वाटलं तो आम्हाला धीर देतोय. तो स्वतःला तपासत होता.

इंजिन बंद पडलं होतं हे आमचं नशीब. वेगाच्या नावेत चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा कमरेला अडकवायची एक गुंडाळीची दोरी असते. तो फेकला गेला की दोरी निघते आणि इंजिन थांबतं. नाहीतर रिकामी नाव गोल फिरत पाण्यातल्या माणसांवरच परत येते, खाली पंख्याची पाती फिरत असतात. आमच्या नावेत ती दोरी स्टिअरिंगला गुंडाळून ठेवलेली होती. कुठेही बसाल तर निघण्याआधी चालवणाऱ्याला ती अडकवायला सांगा. तो हसला तरी सांगा.

वीस-पंचवीस मिनिटांनी वाऱ्याचा जोर उतरला आणि दोन डोंगे दिसले. एकात काका, दुसऱ्यात त्यांचा पुतण्या, आणि मागे दोरीने बांधलेल्या ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबा, ज्यांवर बसून ते जाळी लावतात. काकांनी आम्हाला डोंग्यात चढू दिलं नाही. “कोनी चढू नोका. डोंगा पलटन. ट्यूब धरा.” मुलांना तेवढं टोकाकडून आत घेतलं. दादाला दोन ट्यूबांवर उताणा ठेवून बांधलं. मग त्यांनी वल्ही मारायला सुरुवात केली. इतकं हळू चाललं होतं की वर आलेल्या खोडांवरची कोळिष्टकं मोजता आली असती. मला ती गती आयुष्यभर पुरेल.

काठावर नवरा गुडघाभर पाण्यात उभा होता. वहिनी गाळात बसली होती, टेंभरं सगळीकडे विखुरलेली. दादाला गाडीत घालायला चार माणसं धावली तर मावशी आडवी झाली. “पाठीचं आहे. वाकवू नोका.” चहाच्या टपरीचं फळकूट काढून त्यावर त्याला सरळ निजवलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. १०८ ला फोन केला, गाडी पाऊण तासात आली. तोवर मावशीने चुलीवर कोरा चहा केला, मुलांचे ओले कपडे काढून त्यांना तिच्या लुगड्यात गुंडाळलं. एप्रिलमध्ये नागपूर जिल्ह्यात मुलांचे दात थंडीने वाजतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिसरा दिवस : नागपूर

रात्र आणि दुसरा दिवस दवाखान्यात गेला. दादाच्या कमरेच्या पहिल्या मणक्याचा पुढचा भाग दबून चिरला होता. नसांना धक्का नव्हता. डॉक्टरांनी पाटीवर चित्र काढून दाखवलं. नाव आपटते तेव्हा बसलेल्या माणसाचा सगळा भार पाठीच्या कण्यातून सरळ खाली जातो, आणि छाती व कंबर जिथे जुळतात तिथला मणका चेपतो. पुढच्या बाकावर उसळी सगळ्यात मोठी, म्हणून मार तिथे सगळ्यात जास्त. नाव उलटली नसती तरी दादाचा मणका मोडलाच असता, तो पाण्यात पडण्याआधीच मोडला होता. हे ऐकून वहिनी रडली, मी गप्प बसले. पुढे बसायला मीच त्याला सांगितलं होतं.

भाच्याने पाणी गिळलं होतं. तो हसत-बोलत होता, तरीही त्याला रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. छातीत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वर येऊ शकतो, म्हणून बुडता बुडता वाचलेलं मूल ठणठणीत दिसलं तरी दवाखान्यात दाखवल्याशिवाय घरी नेऊ नका. धाप, खोकला, गुंगी यांपैकी काही दिसलं तर लगेच पळा. आणि पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायची. हे आमच्यापैकी कुणालाही येत नव्हतं. आता मी आणि लेक शिकलो आहोत.

पहाटे दवाखान्यासमोरच्या ठेल्यावर नवऱ्याने पोहे आणले. तेच पोहे, तीच तर्री, दोन दिवसांपूर्वीची. भाच्याने प्लेट हातात घेतली आणि म्हणाला, “आत्या, ती दोरी कुठाय?” नर्सने कापून कचऱ्यात टाकली होती. नवरा डब्यातून ती शोधून घेऊन आला, धुतली आणि त्याच्या उशाला ठेवली.

चौथा दिवस नव्हताच. पोलिसांत जबाब झाला. पोराचं नाव सांगताना दादाने खाटेवरूनच सांगितलं, “त्याने मोजलं आम्हाला. तेही लिहा.”

पुन्हा एकदा, आषाढात

दादा तीन आठवडे आमच्याकडे निजून होता, मग पुण्याला गेला. जुलैत पट्टा निघाला आणि पुढच्याच शनिवारी सगळे परत आले. पाऊस लागलेला, मनसरच्या पुढे दोन्ही बाजूंना बांध्यांमध्ये पाणी, धानाची रोवणी जोरात. गडावर या वेळी दादा पायऱ्यांनी आला नाही. गाडीतून उतरून भिंतीपाशी उभा राहिला. ढग डोंगराला टेकले होते. तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

तलाव ओळखू आला नाही. भेगाळलेला गाळ, खोडं, चहाची टपरी जिथे होती ती जागा, सगळं पाण्याखाली. वेगाच्या नावा बंद होत्या. पोराचा हात जुळला आहे, तो सध्या गावात ट्रॅक्टरवर जातो. आम्हाला बघून त्याने मान खाली घातली. दादाने त्याला जवळ ओढलं आणि पुण्याहून आणलेली लहान मुलांच्या मापाची चार जॅकेटं त्याच्या हातात दिली, पायांमधून जाणारा पट्टा असलेली. विकत घेताना तो पट्टा आहे की नाही तेवढं बघा, पुष्कळ जॅकेटांना नसतो.

काका घरी होते. मावशी रोवणीला गेली होती, दुसऱ्याच्या बांधीत, मजुरीने. आम्ही धुऱ्यावरून चालत तिच्यापर्यंत गेलो. बारा-पंधरा बाया ओळीने वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत होत्या. मावशी गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहिली, हात लुगड्याला पुसले आणि आधी भाच्याकडे पाहिलं. “वाढला बाप्पा हा तं.” मग दादाकडे. “वाकता येते का आता?” दादाने वाकून तिच्या पायांना हात लावला. चिखलाने त्याची बोटं माखली. ती दोन पावलं मागे सरकली. “राहू द्या, राहू द्या जी.”

भाच्याने खिशातून दोरी काढली. धुऊन, नीट गुंडाळी करून आणलेली. “मावशी, तुमची आहे.”

तिने ती घेतली, ओढून पाहिली. धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या जुड्या पडलेल्या होत्या, त्या गोळा करून त्याच दोरीने बांधल्या, भारा डोक्यावर घेतला आणि ओळीतल्या आपल्या जागेकडे परत गेली.